मेकॅनिकची भीती

"बाबा, आयुष्यभर विमानांची इंजिनं दुरुस्त केलीत आणि विमानात बसायला घाबरता?" बेटावर राहणारी लेक फोनवर हसत सुटली. बाळ झाल्यापासून ती आईबाबांना बोलावत होती.

"आतून पाहिलीत ना, म्हणूनच," निवृत्त मेकॅनिक म्हणाला. "आम्ही आगगाडीने येतो, पुढे बोटीने."

शेजारी कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या बायकोचा जीव तेव्हा कुठे भांड्यात पडला. तिच्याकडे बघायचं त्याने मुद्दाम टाळलं.

आगगाडीत दोघांनी मजेत गप्पा मारल्या. पण समुद्रात शिरल्या शिरल्या त्याला बोट लागली. उलट्या करून करून बिचारा अर्धा झाला. बायको मात्र ठणठणीत होती. कठड्याशी उभी राहून ती त्याची पाठ चोळत होती.

"परतताना विमानाने जाऊ," ती म्हणाली.

त्याने कशीबशी मान वर केली. "अगं, पण तुला..."

"मला काय धाड भरलीय?" रुमालाने त्याचं तोंड पुसत ती म्हणाली. "भीती तुम्हाला वाटते ना? मग माझा हात तेवढा सोडू नका."