आपल्यातच मग्न

शिंपीणबाईंच्या पाठीवर त्यांचीच कापड मापायची पट्टी मोडली, तेव्हा नवऱ्याने त्यांचा हात धरून पिरगाळला. ती किंकाळी चारही मजले फिरून आली आणि घराघरातले टीव्ही मोठे झाले. समोरच्यांचा तरणाताठा मुलगा मात्र, जन्मात कुणाशी धड चार शब्द न बोललेला, दोन्ही कान गच्च दाबून शिंपीणबाईंच्या दारावर कपाळ आपटू लागला. रक्ताची धार लागली, तरी आतला मार थांबेपर्यंत तो हटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये नवराच तावातावाने म्हणाला, "असलं हिंसक पोरगं इमारतीत नको!"

"स्वमग्न आहे हो तो," सेक्रेटरींनी ज्ञान पाजळलं. "म्हणजे आपल्यातच मग्न. शेजारी मुडदा पडला तरी यांना सोयरसुतक नसतं. काढायचं ना त्या घराला बाहेर? करा हात वर."

भराभर हात वर गेले. शिंपीणबाईंचा तेवढा मांडीवरच राहिला.

"तुझा हात कुठंय?" नवऱ्याने दातओठ खात विचारलं.



"मोडलाय. मोडताना सगळ्या इमारतीने ऐकलं, पण दार एकट्या त्यानेच वाजवलं."