जाड आवाज

"तळाचा आवाज एवढा जाड हवा असेल तर दोन गाणी काढावी लागतील," लेनर्ड म्हणाला.

"काढ," बर्नी म्हणाली.

बर्नी गायची त्या बँडची ही स्टुडिओतली पहिलीच रेकॉर्ड. ध्वनिमुद्रण करणाऱ्या लेनर्डने पुन्हा समजावून सांगितलं, की ड्रम आणि बेस वाढवले की रेकॉर्डवरची खाच रुंद होते, जागा खाते. शिवाय त्या धडधडीत तिचे शब्दच बुडतील. बर्नी ऐकून घेत होती, पण जागची हलत नव्हती.

ड्रम वाजवणाऱ्या टेरीचं म्हणणं वेगळं होतं. क्लीव्हलँडभर लोक त्यांना ऐकायला नव्हे, बघायला येत. बर्नी स्टेजवर घणाने टीव्ही फोडायची, भंगारातल्या मोटारीवर करवत चालवून ठिणग्या उडवायची, लाल रंगाची बादली डोक्यावर ओतून घ्यायची. मग त्या फोडाफोडीचा आवाज तरी रेकॉर्डवर घालावा, असं तो म्हणत होता. तिने तेही नाकारलं.

"गाणं नकोच असेल तर सरळ भंगाराचं दुकान टाक की," टेरी चिडला. "जाणाऱ्या दोनांतलं एक माझं आहे."

"दुसरं माझं आहे. लेनर्ड, काढ."

टेरी काठ्या फेकून बाहेर गेला. अर्ध्या तासाने परत आला आणि ड्रमपाशी बसला. बर्नी हट्टाला पेटली की काय होतं, हे तो शाळेपासून बघत आला होता.

तो हट्ट सगळ्या वस्तीला माहीत होता. चर्चमधल्या बायकांना कीव यायची ती तिच्या बापाची. कॅसिमिर वॉयचिक पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, सरळमार्गी माणूस. पोरगी भर स्टेजवर त्याचं नाक कापत होती, आणि हा रविवारचा कोट घालून प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत उभा.

रेकॉर्ड हातात आली त्या दुपारी बर्नी थेट त्याच्याकडे गेली. तिने स्पीकर टेबलावरून उतरवून जमिनीवर ठेवला आणि रेकॉर्ड लावून आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. कॅसिमिर गुडघे टेकून खाली बसला. दोन्ही तळवे स्पीकरच्या लाकडावर दाबून त्याने डोळे मिटले. बराच वेळ तो तसाच होता. मग त्याची बोटं ठेका धरू लागली.

"हे मोटार कापतेस ते गाणं ना?" त्याने विचारलं, नेहमीसारखं जरा जास्तच मोठ्याने.

तो डोळे उघडेपर्यंत बर्नी थांबली. मग तिने मान डोलावली.

ती पाळण्यात असतानाच कारखान्यातल्या घणांनी त्याचे कान नेले होते. लेकीचं गाणं त्याने आजवर नुसतं पाहिलं होतं.