उघडा डबा

माझी बायको शैला हिच्या दहाव्याला लेस्टरमध्ये पिंडाला कावळा शिवलाच नाही. म्हणून मुलीला, सान्वीला घेऊन लेक डिस्ट्रिक्टमधल्या आमच्या नेहमीच्या कॅम्पसाइटवर आलो. तंबू ठोकला आणि बाहेर दहीभाताचा डबा उघडा ठेवला.

“बाबा, फूड असं उघडं नको ठेवू. इथले कावळे बॅगेची झिपपण उघडतात,” सान्वी म्हणाली.

कावळ्यांनी शेजारच्या तंबूतला ब्रेड पळवला, पण आमच्या भाताकडे फिरकले नाहीत. “सान्वीला जपेन,” मी म्हणालो. “गोळ्या वेळेवर घेईन,” म्हणालो. शेवटी हात जोडले. “मी राहीन गं तुझ्याशिवाय. जमेल मला.”

लगेच एक कावळा आला आणि घास घेऊन उडाला.



शैलाला माझं खोटं नेहमी कळायचं. म्हणजे हे खरं असावं.