दुसरी किल्ली

“तीन मुठी तांबडा, एक मूठ तपकिरी, आणि चिमूटभर काळा, दृष्ट लागू नये म्हणून.”

सासऱ्यांचा हा आवाज सुनेच्या कानात दहा वर्षांपूर्वीचा होता. लग्नानंतर ती पहिल्यांदा त्यांच्या कापड रंगवायच्या कारखान्यात आली, तेव्हाचा. हंड्यातून वाफ उठत होती आणि ते गाणं म्हटल्यासारखा रंग घालत होते. ना तराजू, ना माप. किती घातलात, असं तिने विचारलं, तर म्हणाले होते, डोळ्यांचं पोट भरेल इतका.

आज तोच आवाज आठवत ती घोटाभर पाण्यात उभी होती. वरच्या मजल्यावरचा नळ पहाटे फुटला. पाणी छतातून झिरपत नेमकं टेबलावर उतरलं. कॉम्प्युटर न्हाऊन निघाला. बॅकअपची छोटी डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती, तीही खणात साचलेल्या पाण्यात बुडाली होती.

दोन्हींत मिळून एकच ऐवज होता, नऊशे चाळीस छटा. त्या लिहायला तिला अख्खं वर्ष लागलं होतं. सासऱ्यांनी मूठ उचलली की ती मधेच तराजू धरायची, वजन टिपायची, मग रंग हंड्यात जायचा. ते करवादायचे, “सूनबाई, रंग काय कागदावर मावतो?”

पुढे पुढे मात्र त्यांना चेष्टेची गोडी लागली. हंडा चढवण्याआधी म्हणायचे, वाच बघू, तुझं यंत्र काय बरळतंय. ती ग्रॅम वाचायची. ते तेवढेच तोलून घालायचे आणि ऐटीत मान डोलवायचे, मीही हेच म्हणणार होतो. बरण्यांची रांग मात्र कुणी इंचभर हलवलेली त्यांना खपत नसे. तिच्या हिरव्या स्वेटरकडे बघून ते म्हणत, निळा तुला शोभतो हो. ती हसायची. सासऱ्यांच्या थट्टेला अंत कुठे होता? दर शनिवारी ती डिस्क खणात टाकायची, तेव्हाही टोमणा ठरलेला. घराची दुसरी किल्ली कुणी घरातच ठेवतं का? मग रविवारी सकाळी ते चष्म्याच्या दुकानवाल्या मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जात, दर वेळी हरत, आणि शीळ घालत परत येत.

उद्या नाटकगृहाचा पडदा द्यायचा होता. जुन्या पडद्याची एक पट्टी फाटली होती. नवी पट्टी शेजारच्या तांबड्याशी जुळली नाही, तर हे काम गेलं आणि तिथलं पुढचंही गेलं. नवरा बादलीने पाणी उपसत होता. मासे सोडू या का, असं तो विचारून चुकला होता.

सुनेने डोळे पुसले, पदर नव्हता म्हणून बाहीनेच. मग तीच हसली. “रडायचं काय त्यात? पोथी भिजली, पण पोथी सांगणारे आहेत ना घरात. बाबा, तुम्ही डोळ्यांनी घाला, मी पुन्हा तोलते. पहिल्या छटेपासून.”

सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पायात एक आपली आणि एक मुलाची चप्पल सरकवली आणि ते बाहेर पडले.

पाव तासाने परतले ते धापा टाकत. हातात चष्म्याचं घर होतं. आत मऊ फडक्यात गुंडाळलेला एक पेन ड्राइव्ह. खणातली डिस्क दर रविवारी त्यांच्या खिशातून फिरायला जात होती. चष्मेवाला तिची नक्कल करून ठेवायचा, मगच पहिली सोंगटी हलायची.

नवऱ्याच्या लॅपटॉपवर छटा एकेक करून उगवल्या. नऊशे चाळीस, एकही कमी नाही. सुनेला हसू आवरेना. यंत्राला नावं ठेवता ठेवता तुम्हीच त्याचे राखणदार झालात की, असं म्हणून तिने त्यांना खुर्चीत बसवलं आणि चुकीची चप्पल पायातून काढून नवऱ्याकडे भिरकावली.

“पण एवढी धाव कशाला, बाबा? तुमचे डोळे तर होतेच की.”

सासरे बरण्यांच्या रांगेकडे बघत राहिले. मग हळूच हसले.

“दोन वर्षं झाली, पोरी. तुझा स्वेटर निळा की हिरवा, तेही मी अंदाजाने ठोकून देतो. माझे सगळे रंग आता तुझ्या यादीतच उरलेत.”