पाडव्याचा पहिला स्टार्टर

हौसरावआबा आणि त्यांची बी.एस्सी. झालेली नात राजनंदिनी भंगारातली जीप वर्षभर जुळवत होते. आधी इंजिन सुरू करून बघू, असं ती म्हणायची. आबा ऐकेनात.

"पयला स्टार्टर पाडव्याच्या मुहूर्तावरच. त्याआधी किल्लीला हात लावायचा न्हाई."

भावकी आधीच हसत होती. चारचौघांत फजिती नको म्हणून आदल्या दिवशी सकाळी, आबा शेतात गेल्यावर, तिनं जीप गुपचूप सुरू करून पाहिली. टाकीत बाटलीभरच पेट्रोल होतं. जेवढं जळालं, तेवढं तिनं मोजून परत ओतलं.

पाडव्याला नारळ फुटला. भावकीसमोर जीप दोनदा खोकली आणि गप्प झाली. राजनंदिनीनं टाकी पाहिली, तर कोरडी ठणठणीत.

आबा तिच्या कानाशी वाकले.

"काल दुपारी तू यवतला गेलीस, तवा तर घटकाभर चांगली चालली होती की गं."