पितळी कुलूप

फोन दिसला की सुना माहेरी बोलत बसतात, असं सासऱ्यांचं मत. म्हणून आमच्या मुलुंडच्या घरी फोन आला त्याच दिवशी त्यांनी डायलमध्ये पितळी कुलूप अडकवलं आणि चावी कडदोऱ्याला बांधली.

काल धाकटे दीर बटणांचा नवा फोन घेऊन आले. सासऱ्यांनी मेलेल्या पालीकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.

"बटणं काय, माकडसुद्धा दाबतं. आणि ह्याला कुलूप कुठे लावू? कपाटातच कोंडावा लागेल."

"वहिनी, तू तरी सांग ना ह्यांना," दीर म्हणाले.

"जुनाच बरा," मी म्हटलं.

माझी कीव करत दीर खोका उचलून गेले. "सुनेला तरी अक्कल आहे," म्हणत सासरे दुपारचे आडवे झाले.

ते घोरायला लागल्यावर मी रिसिव्हर उचलला. तो ज्या खटक्यावर ठेवतात, तो खटका रोजच्यासारखा बोटाने दाबत गेले. तीनला तीनदा, सातला सातदा. डायलला हात न लावता आईचा नंबर लागला.

"अजून कुलूप आहे का गं फोनला?" आईने विचारलं.


"असू दे गं. ते आहे म्हणून तर म्हातारा निवांत घोरतो."