मेणाचे तीन हात

बावीस मिनिटं झाली तरी वाटीतलं सूप गळलं नव्हतं. ती टेबलावर हनुवटी टेकून वाटीच्या बुडाकडे बघत होती आणि समोर बसलेले बाबा तिच्याकडे.

“पिऊन टाक ना गं, ठमे. गार होतंय.”

“प्यायचं नाहीये बाबा. बघायचंय.”

“सूप बघायचं?” बाबा हसले. “तुझी आई असती तर दोघांनाही घराबाहेर काढलं असतं.”

वाट्या ती घरीच बनवायची: बटाट्याचं स्टार्च, गव्हाचा कोंडा, थोडं ग्लिसरीन. ढवळता ढवळता पातेल्यातलं पांढरं पाणी काचेसारखं होई आणि घरभर कपड्यांच्या खळीचा वास पसरे. तो वास आला की बाबा चाळीस वर्षांचे होत. शर्ट कडक इस्त्रीचा असे आणि ऑफिसची बस खाली उभी असे. ती त्यांची समजूत घालत बसायची नाही. त्या बसमध्ये त्यांना खुशाल बसू द्यायची.

वाटीचा साचा बाबांच्याच कपाटातून निघाला होता. कुठल्या तरी मोडीत निघालेल्या मशीनची, एकात एक बसणारी दोन लोखंडी भांडी. कपाट उघडलं की निम्मा संसार अंगावर येई, म्हणून ती सहसा त्याच्या वाटेला जात नसे. पण साचा मिळाला तेव्हा तिनं बाबांचा गालगुच्चा घेतला होता.

“तरी तू म्हणायचीस, अडगळ आहे,” बाबा म्हणाले होते.

एका शाळेच्या कॅन्टीनच्या बाईंना तिच्या वाट्या हव्या होत्या. अटी दोन. वाटीत गरम सूप अर्धा तास न गळता राहिलं पाहिजे, आणि मग शाळेच्या बागेत पुरलेली वाटी चाळीस दिवसांत मातीत मिसळली पाहिजे. हे जमलं नाही तर तिला पुन्हा लॅबमधली नोकरी धरावी लागणार होती, आणि बाबांना दिवसभर कुलपात ठेवून जावं लागणार होतं. त्या कुलपाचा विचार आला की ती पुन्हा पातेलं गॅसवर ठेवी.

पण त्या दोन अटी म्हणजे एकमेकींच्या सवती. आतून मेणाचा हात द्यावा तर वाटी टिके, पण मेण जास्त झालं तर माती तिला तोंड लावणार नाही. म्हणून ती भीत भीतच पुढे सरकली. नवं मिश्रण केलं की त्यातल्या एका वाटीच्या बुडावर पेन्सिलीनं तारीख घालायची, गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत ती पुरायची, शेजारी काडी खोचायची. चाळीस दिवसांनी उकरायची.

बिनमेणाच्या चार वाट्या गेल्या. मेणाचा एक हात दिलेली वाटी गेली. दोन हातांची गेली. तीन हात देताना तिची तिलाच लाज वाटली होती. काल उकरलं, तर तीही नव्हती.

“माती भारीच भुकेली आहे हो, बाबा.”

“मग! रोज संध्याकाळी पाणी घालतो मी,” बाबा अभिमानानं म्हणाले.

शनिवारी कॅन्टीनच्या बाई आल्या. तीन हातांच्या वाटीत त्यांनी स्वतः उकळतं सूप ओतलं आणि घड्याळ काढून समोर ठेवलं. खिडकीतलं ऊन टेबलावरून सावकाश सरकत वाटीपर्यंत आलं, आणि वाटी आतून दिवा लावल्यासारखी पिवळसर दिसू लागली. बाबा त्या उजेडाकडे बघत स्वतःशीच गुणगुणत होते. टेबल कोरडं राहिलं.

मग बाई गॅलरीत गेल्या. बाह्या सरसावून त्यांनी कुंडी कोपरापर्यंत उकरली. काड्या होत्या, मुळं होती, एक गांडूळ होतं.

“नुसती मातीच की हो!” बाई म्हणाल्या. “पुढल्या महिन्यापासून तीनशे पोरं. होईल ना तयारी?”

तिनं जोरात मान डोलावली. सुटले, बाबा सुटले, एवढंच तिच्या मनात येत होतं.

“मुख्याध्यापकांना दाखवायला आणखी पाच-सहा द्या,” बाई हात धूत म्हणाल्या.

“आज ही एवढीच आहे,” ती हसत म्हणाली. “बाकीच्या सुपात भिजल्या, उरलेल्या त्या कुंडीनं खाल्ल्या.”

“कुंडी कशाला खाईल?” बाबा उठले. “आहेत की!”

आत कपाट करकरलं, काहीतरी धडाधड पडलं. बाबा दोन्ही हातांत चळत सांभाळत बाहेर आले आणि त्यांनी एकेक वाटी टेबलावर पालथी मांडली. सात. कोरड्या फडक्यानं पुसलेल्या, एकीलाही टवका नाही. सगळ्यांच्या बुडावर तिच्या अक्षरातल्या तारखा.

“हल्ली फार विसरतेस गं, ठमे,” बाबा मायेनं म्हणाले. “दर वेळी मातीत टाकून यायचीस. मी आपला त्याच संध्याकाळी काढून ठेवायचो.”